डीकनच्या विधवेचा तिसरा वाटा

डीकन अझारिया पेनफिल्डनं बायकोसाठी घोडा ठेवला होता, पण तो फक्त रविवारपुरता. सोमवार ते शनिवार घोडा मुलाचा. मृत्युपत्रात तसं स्वच्छ लिहिलंच होतं: ‘माझी पत्नी टॅबिथा हिला दर रविवारी चर्चला जाण्यासाठी एक शांत घोडा खोगीर घालून दारात आणून द्यावा.’ डीकन म्हणजे चर्चचा कारभारी. जन्मभर चर्चच्या मेणबत्त्यांची उरलेली टोकं जपून ठेवणारा माणूस. तो मरताना तरी हात मोकळा सोडेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं डीकनला पाहिलेलं नाही.

बाकी मृत्युपत्रही याच थाटाचं होतं. टॅबिथाला घराची पूर्वेकडची अर्धी बाजू. तळघरात सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, दोन पिंपं ठेवण्याइतकी जागा, आणि पिंपं भरून द्यायची मुलानं. विहिरीवर जाण्यायेण्याची वाट. एक गाय, तिचा चारा उन्हाळी-हिवाळी मुलाकडून. एक पोसलेलं डुक्कर. स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजण्याची मुभा. हिवाळ्यापुरतं सरपण, ‘चुलीत मावेल असं फोडून’. आणि या सगळ्याच्या शेपटाला एकच ओळ: ‘ती माझी विधवा राहील तोवर, त्यापुढे एक दिवसही नाही.’

कोर्टाच्या माणसानं ही ओळ वाचली तेव्हा टॅबिथानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, बिचारी रडतेय. रडत कसली, तिला संताप आला होता. एकोणिसाव्या वर्षी ती या घरात आली. त्या भट्टीच्या तळाच्या विटा तिनं स्वतः निवडून, वाजवून वाजवून घेतल्या होत्या. तीस वर्षांहून जास्त काळ अख्ख्या घराचा पाव तिच्या हातून त्या भट्टीतून निघाला. आणि आता तिथे भाजण्याची ‘मुभा’! आणि तीही डीकनची विधवा म्हणून गप्प बसून राहिली तर!

“मेला तरी मूठ काही सुटली नाही मेल्याची,” ती मनात म्हणाली, आणि मग डीकनला ‘मेल्या’ म्हटल्याबद्दल तिनं देवाची माफी मागितली. तसा तो मेलेलाच होता म्हणा.

पण खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर ती ओळ तिला फारशी बोचली नाही. लग्न कोणाला करायचं होतं? बोचायला लागली ती सायडरची पिंपं गळायला लागली तेव्हा.

गावात पिंपं बांधायचा एकच माणूस होता, ओबेड क्रेन. पन्नाशी उलटलेला विधुर, मोठ्या कानांचा, हात भले थोरले. जमीन नाही, घर नाही. लोहाराच्या परसात एका भाड्याच्या खोलीत राहायचा. पिंप दुरुस्त करायला आला की पट्ट्या ठोकता ठोकता गोष्टी सांगायचा. एकदा म्हणाला, “टॅबिथाबाई, तुमच्या डीकननी माझ्याकडून एक पिंप बांधून घेतलं होतं. नेताना आत डोकं घालून पाहिलं, मी आत हवा किती भरलीय ते.”

टॅबिथा हसली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. डोळे पुसताना तिच्या लक्षात आलं, या स्वयंपाकघरात आपण असं कधी हसलो होतो बरं? आठवेना. तीस वर्षांत आठवेना. त्या रात्री तिला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

त्यानंतर पेनफिल्डांची पिंपं फारच गळायला लागली. एक दुरुस्त झालं की दुसरं. आठवड्याआड ओबेड हजर. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. पण दोघांनाही लपवायला आवडत होतं.

मग एका शनिवारी, भट्टीतले निखारे ओढून ती आत हात घालून ऊब बघत होती, तेव्हा ओबेडनं सरळच विचारलं. “माझ्याशी लग्न कराल का? माझ्याकडे द्यायला काही नाही. एक खोली आहे, तीही लोहाराची.”

“करीन,” टॅबिथा म्हणाली, आणि मग लगेच, “पण करू कशी? लग्नाला ‘हो’ म्हटलं की हे सगळं गेलं. खोली गेली, गाय गेली, ही भट्टी गेली. नातवंडं गेली. तुमच्या त्या लोहाराच्या खोलीत चूल तरी आहे का?”

“निखाऱ्यांची शेगडी आहे,” ओबेड म्हणाला.

“शेगडीवर काय पाव भाजायचा? अहो, माझे हात इथे आहेत,” तिनं भट्टीच्या तोंडावर थाप मारली. “मला तुम्हीही हवे आणि हेही हवं. या वयात एक सोडून दुसरं घ्यायला माझ्याकडे वेळ नाही.”

 ओबेड हातोडा उचलून गेला. जाताना पिंप तसंच गळत ठेवून गेला, म्हणजे पुन्हा यायला निमित्त हवं म्हणून नव्हे, तर खरोखरच विसरून. इतका तो खचला होता.

टॅबिथा मात्र खचणाऱ्यातली नव्हती. तिला हेप्झिबामावशी आठवली. हेप्झिबामावशीनं तीन नवरे केले आणि तिन्ही नवरे एकाच घराच्या एकाच कोपऱ्यात नांदवले, आणि तो कोपरा होता पहिल्या नवऱ्याच्या घराचा! कारण मावशीनं पहिल्या नवऱ्याचं मृत्युपत्र स्वीकारलंच नव्हतं. कोर्टात जाऊन म्हणाली, मला त्यानं दिलेलं नको, कायद्यानं विधवेला मिळतो तो तिसरा वाटा द्या. तिसरा वाटा म्हणजे घराचा, जमिनीचा तिसरा भाग. सरपण नाही, घोडा नाही, डुक्कर नाही. सगळं आपलं आपण बघायचं, डागडुजीसुद्धा. पण तो वाटा मरेपर्यंत. मग तू विधवा राहा, नाहीतर नवरी हो, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. मावशी म्हणायची, “मृत्युपत्राचं खाशील तर मेलेल्याच्या हातचं खाशील, कायद्याचं खाशील तर स्वतःच्या हातचं.”

मृत्युपत्र नाकारायला हार्टफर्डच्या कोर्टात अजून वसंतापर्यंत मुदत होती. पण अडचण अशी, की टॅबिथानं आपण होऊन मृत्युपत्र नाकारलं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. डीकनचा शब्द मोडला! आणि तिचा मुलगा असाहेल काही दुधखुळा नव्हता. निम्मं घर सोडून आई तिसऱ्या भागावर का येतेय, असा प्रश्न त्याला पडला असता. पडला असता म्हणजे तो वकिलाकडे गेला असता. वकिलाकडे गेला असता म्हणजे सगळंच मुसळ केरात.

म्हणजे नाकारायचं असाहेलनंच सुचवायला हवं होतं. टॅबिथानं पाव फिरवता फिरवता यावर विचार केला, आणि पाव भाजून झाला तेव्हा तिचा बेतही भाजून झाला होता.

असाहेल वाईट नव्हता हो. बापाचा मुलगा होता, एवढंच. राबायचा भरपूर, पण प्रत्येक कामाआधी एक मोठा सुस्कारा सोडायचा. आईसाठी मृत्युपत्रात लिहिलेलं सगळं तो करायचा, पण साधारण अंदाजानं. लाकडं जरा लांब, घोडा जरा उशिरा, चारा जरा कालचा. इतके दिवस टॅबिथा चालवून घेत होती.

पुढच्या रविवारी गारांचा पाऊस होता. समोरचं झाड दिसत नव्हतं. असाहेल चुलीपाशी पाय शेकत बसला होता.

“असाहेल, घोडा,” टॅबिथा टोपी बांधत म्हणाली.

“आई, अगं या पावसात कोण चर्चला जातंय?”

“तुझ्या बाबांनी पाऊस असेल तर नको, असं लिहिलंय का?”

असाहेलनं सुस्कारा सोडला आणि भिजत जाऊन घोडा आणला. टॅबिथानं दारातूनच पाहिलं. “हा शांत आहे होय? कान बघ कसे हलवतोय.”

“गारा पडतायत त्याच्या कानांवर!”

“शांत घोडा लिहिलंय बाबा. खोगीर घालून. दारात. हा दारापासून चार पावलं लांब उभा आहे.”

सोमवारी तिनं सरपण पाहिलं. एकेक ओंडका चुलीत घालून बघायचा आणि जो मावणार नाही तो परत अंगणात. असाहेलनं अर्धी रास पुन्हा फोडली. मंगळवारी विहिरीच्या वाटेवर त्याची गाडी उभी होती, ती बाजूला करवली. गाईचा चारा हुंगून पाहिला आणि नाक मुरडलं. डुकराच्या बरगड्यांवरून हात फिरवून म्हणाली, “पोसलेलं म्हणे! उपाशी म्हटलं असतं तर बरोबर होतं.” आणि प्रत्येक वेळी वर हेही, की “माझं काय आहे रे, मला काहीही चालतं. पण तुझ्या बाबांचा शब्द आहे.”

असाहेलच्या नाकी नऊ आले. टॅबिथाला क्वचित दयाही यायची त्याची. मग ती त्याच्या आवडीचा, भोपळ्याचं गोड सारण भरलेला ‘पाय’ भाजायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंडके मोजायला लागायची.

थंडीच्या मध्यावर एकदा तळघरात ती पिंपाची पट्टी हातोडीनं सैल करत होती. वरच्या पायरीवरून आवाज आला, “आई, जरा हळू ठोका. परवाचं पिंप इतकं फुटलं होतं की ओबेडकाकांना दोन दिवस लागले.”

सून रुहामा पायरीवर बसली होती. पोट पुढे आलेलं, पाचव्या खेपेचं. हातात मेणबत्ती.

टॅबिथाच्या हातून हातोडी पडली. “कधीपासून माहितेय तुला?”

“तिसऱ्या पिंपापासून. अहो, एवढी पिंपं बोस्टनच्या बंदरात गळत नाहीत.”

“मग त्याला सांगितलं नाहीस?”

“सांगू कशाला? मी काय वेडी आहे?” रुहामा तोंडावर हात ठेवून हसली. “लग्न करून तुम्ही लोहाराच्या परसात गेलात तर ही चार पोरं आणि हे पाचवं कुणाच्या गळ्यात? आणि ती भट्टी! मी पाव लावला की एक बाजू कोळसा आणि दुसरी कच्ची. तुम्ही इथून हलायचं नाही, आई. काय करायचं ते करा, पण इथेच राहून करा. मी काय करू तेवढं सांगा.”

टॅबिथानं तिला बेत सांगितला. रुहामा म्हणाली, “म्हणजे त्यांना श्वास घ्यायलाही उसंत द्यायची नाही. उद्यापासून मीपण आहे.” आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, “आईंच्या गाईला सुकं गवत टोचतंय म्हणत होत्या. जाऊन बघता का जरा? बाबांचा शब्द आहे.”

मार्चचं कुंद थंड वारं सुटलं आणि असाहेलचा बांध फुटला. चुलीत मावणारं सरपण आता संपत आलं होतं आणि आई नवीन रास मागत होती. कुऱ्हाड तशीच हातात घेऊन तो स्वयंपाकघरात आला.

“आई, पाया पडतो तुझ्या. हे मृत्युपत्र नको. तू तिसरा वाटा घे.”

टॅबिथाच्या हातात पीठ होतं. ते तिनं सावकाश झटकलं. “काय म्हणालास?”

“कायद्याचा तिसरा वाटा. घराचा, शेताचा. कायमचा तुझा, मरेपर्यंत. शेत मीच कसेन, तुला त्यातलं काढून देईन. पण हा घोडा, हे डुक्कर, हे सरपण...”

“तुझ्या बाबांचा शब्द मोडू?” ती म्हणाली. डोळ्यांत पाणीही आणलं. खरं तर ते थोडं आपोआपच आलं. पोरगा खरंच दमलेला दिसत होता. “लोक काय म्हणतील?”

“मी सांगतो ना लोकांना! मीच आग्रह केला म्हणून सांगतो. सगळ्या गावाला सांगतो.”

“बघ हं. नंतर म्हणशील, आईनं केलं.”

“नाही म्हणणार! चर्चमध्ये उभं राहून सांगतो पाहिजे तर.”

“तुझ्यासाठी म्हणून हो म्हणते,” टॅबिथा म्हणाली. भट्टीमागे रुहामाला खोकल्याची मोठी उबळ आली आणि ती बाहेर पळाली.

कोर्टानं घर वाटायला गावचे तीन पंच नेमले. पुढारी कॅप्टन लेमुएल बिसेल, डीकनचा जुना दोस्त, लाल नाकाचा आणि न्यायाचा. बाकीचे दोघे कॅप्टन म्हणेल त्याला मान हलवणारे. वाटणीच्या दिवशी पंचांना जेवू घालायची पद्धत. टॅबिथानं शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया डुकराच्या मांसासह रात्रभर भट्टीत ठेवल्या होत्या आणि मका आणि राय नावाच्या धान्याच्या पिठाचा काळा पाव. पंचांनी आधी पोटपूजा केली आणि मग मोजणीची साखळी काढली.

साखळी धरून ते घरभर फिरले. जमिनीवर खडूची रेघ ओढत गेले. पुढच्या दाराच्या मधोमधून आत, जिन्याच्या पायथ्याशी वळून, पूर्वेची मोठी खोली आणि मागची लहान खोली टॅबिथाकडे. विहिरीची वाट टॅबिथाला. तळघराचा पूर्वेचा कोपरा. छपराचा पूर्वेचा तिसरा भाग, त्याच्या डागडुजीसकट. मग रेघ स्वयंपाकघरात आली आणि भट्टीपाशी थांबली.

“भट्टी माझ्या बाजूला,” असाहेल म्हणाला. “स्वयंपाकघर माझ्याकडे, म्हणजे भट्टी माझी. आईनं हवं तर विचारून भाजावं.”

टॅबिथानं भट्टीकडे पाहिलं. भट्टी गेली तर काय राहिलं? त्या विटांसाठीच तर हा सगळा खटाटोप. ओबेड आणि ती त्या दोन खोल्यांत बसून लेकाला ‘भाजू का?’ म्हणून विचारणार!

कॅप्टननं डोकं खाजवलं. “भट्टी काही चिरता येणार नाही. एकाकडेच जाईल.”

“मग आईंकडे जाऊ दे,” रुहामा म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. “काय बघताय? असाहेल, मी भाजलेला पाव तुम्ही मागच्या वर्षी कुणाला घातला होता? सांगा ना पंचांना.”

असाहेल लाजून म्हणाला, “डुकराला.”

“आणि डुकरानं खाल्ला का?”

असाहेलनं नकारार्थी मान हलवली. कॅप्टन गडगडाटी हसला आणि बाकीच्या दोघांनी मान हलवून हसून घेतलं. रेघ भट्टीला वळसा घालून पलीकडून गेली. भट्टी टॅबिथाची झाली.

पण संकट अजून टळलं नव्हतं. साखळी गुंडाळता गुंडाळता कॅप्टन अचानक थांबला. “असाहेल, नीट विचार केलायस ना बाळा? मृत्युपत्र गेलं म्हणजे पुरतं गेलं. त्यात तुझ्या बापानं ज्या अटी—”

‘त्या अटीं’मध्ये एकच अट होती, आणि एका क्षणात ती असाहेलला आठवणार होती. रुहामानं पटकन उरलेला पाव कॅप्टनसमोर धरला. कॅप्टननं तो हातानंच बाजूला सारला.

“कॅप्टनसाहेब,” असाहेल घाईघाईनं म्हणाला, “मला एकही कलम ऐकवू नका! सगळं मला तोंडपाठ आहे. चुलीत मावेल असं फोडून! खोगीर घालून, दारात! सगळं जाऊ दे. शेवटच्या अक्षरापर्यंत जाऊ दे.”

“शेवटच्या अक्षरापर्यंत?” कॅप्टननं विचारलं. त्याची नजर सावकाश टॅबिथाकडे वळली, तिथून कोपऱ्यातल्या नव्याकोऱ्या पिंपाकडे, आणि तिथून त्या पिंपाच्या शेजारी ठेवलेल्या हातोडीकडे. त्याचं लाल नाक आणखी लाल झालं. “बरं तर,” तो म्हणाला. “तूच म्हणालास हं, तीन साक्षीदारांसमोर.” निघताना दारात तो टॅबिथाच्या कानाशी वाकला. “वहिनी, डीकनला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. पण तुम्हाला आज ओळखलं.”

कोर्टाचा शिक्का पडला आणि त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये गावच्या कारकुनानं घसा साफ करून लग्नाच्या जाहीर सूचना वाचल्या. कोणाला हरकत असेल तर सांगावी म्हणून तीन रविवार वाचतात तशा. “ओबेड क्रेन, पिंपकार, याच गावचा. आणि टॅबिथा पेनफिल्ड, विधवा, याच गावची.”

असाहेलनं आधी सहज मान डोलावली. मग त्याची मान थांबली. मग तो हळूहळू आईकडे वळला. टॅबिथा समोर बघत बसली होती, प्रार्थनेचं पुस्तक अगदी शांतपणे मांडीवर. रुहामा कुशीतल्या बाळाची टोपी नीट करत होती, जी आधीच नीट होती.

घरी येताना असाहेल उसळला. “फसवलंस तू मला!”

“मी?” टॅबिथा म्हणाली. “तिसरा वाटा घे म्हणून हातात कुऱ्हाड घेऊन कोण आलं होतं?”

आलं होतं असाहेलच. चर्चमध्ये उभं राहून सांगतो म्हणाला होता, आणि गावभर खरंच सांगत फिरला होता की मीच आग्रह केला म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून असाहेलनं अबोला धरला. लग्न झालं, ओबेड आपल्या हातोड्या आणि दोन सदरे घेऊन पूर्वेच्या खोल्यांत आला, तरी अबोला. पोरं खडूच्या रेघेवरून दिवसभर उड्या मारायची, रुहामा पाव न्यायला येता-जाता रेघ पायानं पुसायची, पण असाहेल रेघेपाशी येऊन मागे वळायचा.

टॅबिथाला ते लागायचं. ओबेड तिला हसवायचा, भट्टी तिची होती, सगळं मिळालं होतं. पण संध्याकाळी भिंतीपलीकडे लेकाचा सुस्कारा ऐकू आला की तिच्या हातातला घास तसाच राहायचा.

उन्हाळ्यात ओबेडनं तिच्या वाट्याच्या छपराची डागडुजी काढली. पिंपं बांधणाऱ्याचा हात तो! देवदाराच्या पट्ट्या त्यानं अशा फाडल्या आणि बसवल्या की त्यांच्यातून सुईही जाऊ नये. पण बरोबर तिसऱ्या भागापर्यंत. घराचं एक तृतीयांश छप्पर सोन्यासारखं पिवळं आणि बाकीचं डीकनच्या वेळचं, काळं, शेवाळलेलं. रस्त्यानं जाणारे घोडा थांबवून बघायचे. कॅप्टन बिसेल तर मुद्दाम वाकडी वाट करून यायचा.

ऑक्टोबरात पावसानं झोडपलं. तीन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी टॅबिथाच्या दारावर टकटक झाली. दारात असाहेल. डोक्यावरून पाणी निथळतंय, हातात भरलेली बादली.

“आत ये,” टॅबिथा म्हणाली. इतके महिने पोराचं तोंड असं समोर दिसलं नव्हतं. तिला वाटलं, त्याला धरून पुसून काढावं. तिनं फक्त फडकं पुढे केलं.

“पलंगावर गळतंय,” तो बादलीकडे बघत म्हणाला. “आणि पाळण्यावर. आणि चुलीत.” मग, “ओबेड... ओबेडकाका उरलेलं छप्पर करतील का?”

ओबेडनं टॅबिथाकडे पाहिलं. “हिला विचार बाबा. या बाजूची मालकीण ही.”

टॅबिथा हात कमरेवर ठेवून विचार करत उभी राहिली. “करतील. पण फुकट नाही. ओबेडची पाठ आता धरते, त्यांना कुऱ्हाड झेपत नाही. हिवाळ्यापुरतं सरपण तू द्यायचंस. चुलीत मावेल असं फोडून.”

“बरं.”

“आम्हाला एक गाय, चाऱ्यासकट. आणि सफरचंदं तुझ्या बागेतली, दोन पिंपं सायडर होईल इतकी. आणि रविवारी चर्चला जायला घोडा.”

असाहेल ऐकता ऐकता तिच्याकडे बघत राहिला. “आई, अगं हे तर बाबांचं मृत्युपत्रच झालं!”

“झालंच की,” टॅबिथा म्हणाली. “एक ओळ सोडून.”

असाहेलला आधी कळलं नाही. मग कळलं. तोंड वाकडं करायचा त्यानं फार प्रयत्न केला, पण ओबेडचे मोठे कान हसू दाबताना असे काही हलले, की असाहेल फुटलाच. तो हसला, बादलीतलं पाणी सांडेपर्यंत हसला. रेघेपलीकडून रुहामा बाळाला घेऊन धावत आली, काय झालं म्हणून.

टॅबिथानं त्याच्या हातातली बादली काढून घेतली. “तुझा बाप वाईट नव्हता रे. मी थंडीत कुडकुडू नये, उपाशी राहू नये, पायी चालत चर्चला जाऊ नये, सगळं आठवणीनं लिहिलं त्यानं. एवढं बाकीच्या गावात कुणी बायकोसाठी लिहिलं नाही. मला हसायलाही लागतं, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही.”

असाहेल अजून दारातल्या खडूच्या पुसट रेघेवरच उभा होता, तिथून आत आला आणि भट्टीपाशी बाकावर बसला. टॅबिथानं त्याच्यासमोर गरम पाव आणि लोण्याचं भांडं ठेवलं.

“उद्या पाऊस थांबला की पट्ट्या फाडायला घेऊ,” ओबेड म्हणाला.

“मी येतो मदतीला,” असाहेल तोंडात घास धरून म्हणाला. “आणि रविवारी घोडा आणतो दारात.”

“शांत हवा हं,” टॅबिथा म्हणाली.